टोमॅटोवरची टुटा: पानाच्या आत वाढणारी पाकोळी

रानवाट

आपल्या मंचावर भाजीपाल्याच्या धाग्यावर नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या एका सभासदाने टोमॅटोच्या पानाचा फोटो टाकून विचारलं होतं, "ही नागअळीच ना?" खाली धडाधड औषधांची नावं पडली. पान उजेडात धरून बघा, असं एकानेही सांगितलं नाही. फोटोत नागअळी नव्हती, टुटा होती. दोघीही पानाच्या आत राहतात, पण नागअळी माशीची पोर आणि टुटा पाकोळीची, म्हणजे बारक्या पतंगाची. इलाज निराळा, म्हणून स्वतंत्र धागा काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

पान उन्हाकडे धरलं की फरक लगेच कळतो. नागअळीची वाट पांढरी, वळणावळणाची असते आणि शेवटपर्यंत वाटच राहते. टुटाची सुरुवात तशीच होते, पण अळी मोठी झाली की वाट फाकते आणि तिचा चट्टा होतो. पानाची वरची त्वचा शाबूत, खालची शाबूत, मधला हिरवा गर तेवढा फस्त. चट्टा अभ्रकाच्या पापुद्र्यासारखा आरपार दिसतो. आत अळी मागेपुढे सरकते आणि कोपऱ्यात काळी विष्ठा साठलेली असते. भिंग असेल तर डोक्याच्या मागे बघा: बारीक काळी पट्टी दिसेल, मधोमध तुटलेली. माशीच्या अळीचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं हेच कळत नाही, नुसता पिवळट ठिपका.

आता तिचं आयुष्य. पाकोळी जेमतेम ६-७ मिलिमीटरची, राखी-चंदेरी, पंखांवर काळे ठिपके. दिवसा पानाआड दडून बसते, तिची हालचाल तिन्हीसांजेला आणि पहाटे. भर दुपारी प्लॉटमध्ये चक्कर मारून "पाकोळी कुठे आहे?" म्हणणाऱ्याला ती दिसणारच नाही. मादी पानाच्या खालच्या बाजूला, कोवळ्या खोडावर, फळाच्या देठाजवळच्या हिरव्या पाकळ्यांवर सुटं सुटं अंडं घालते. एका मादीची २६० पर्यंत अंडी नोंदली गेली आहेत. अंडं अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, पांढरट-पिवळं. ४ ते ६ दिवसांत अळी निघते, थोडा वेळ पानावर फिरते आणि सरळ आत घुसते. अळीच्या चार अवस्था. शेवटी ती साधारण ८ मिलिमीटर होते, रंग हिरवट, पाठीवर गुलाबी झाक. पोट भरलं की बहुतेक अळ्या रेशमी तंतूवरून खाली उतरतात आणि मातीत कोष करतात. काही वाळक्या पानात, काही त्या चट्ट्यातच.

एक सवय मात्र नीट ध्यानात घ्या. ही अळी एकाच घरात जन्म काढत नाही. कात टाकायच्या वेळी किंवा पान संपलं की बाहेर येते आणि दुसऱ्या पानात, शेंड्यात, फळात शिरते. अंगावर फवारा पडला तर तेवढ्याच वेळात. फळाला भोक पडतं ते टाचणीच्या टोकाएवढं, तेही बहुतेकदा देठाच्या पाकळ्यांखाली. तोडणीत ते दिसत नाही. फळांची जाळी (क्रेट) पिंपळगावच्या बाजारात जाते, तिथून गाडीत चढते आणि दोन दिवसांनी फळ आतून सडलेलं निघतं.

किती दिवसांत चक्र पुरं होतं, ते उष्णतेवर आहे. चिलीतल्या प्रयोगांचे आकडे असे: १४ अंशाला अंड्यापासून पाकोळीपर्यंत सुमारे ७६ दिवस, २० अंशाच्या आसपास ४० दिवस, २७ अंशाला २४ दिवस. म्हणजे जुलैत लावण केलेल्या प्लॉटमध्ये दिवाळीपर्यंत चार पिढ्या सहज उरकतात, आणि दुसरीपासून पुढे त्या एकमेकींत मिसळतात. कुठल्याही दिवशी प्लॉटमध्ये अंडी आहेत, पानात अळ्या आहेत, मातीत कोष आहेत आणि वर पाकोळ्या आहेत. तुमचा फवारा यातल्या फार तर दोघींना गाठतो. आठवड्याने "औषध चाललं नाही" म्हणून आपण दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतो.

ती आली कुठून? एडवर्ड मेरिक नावाच्या इंग्रज शाळामास्तरने १९१७ मध्ये तिला पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिलं. नमुने पेरू देशातल्या वांकायोचे, अँडीज पर्वतात ३ हजार मीटरच्या वरचे. (या गृहस्थाने मास्तरकी करून आयुष्यात १४ हजारांहून जास्त जातींची वर्णनं लिहिली, बहुतेक असल्याच बारक्या पतंगांची. त्याच्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा.) १९६४ मध्ये ती अर्जेंटिनात, १९८० च्या सुमारास ब्राझीलमध्ये. २००६ च्या अखेरीस समुद्र ओलांडून स्पेनमध्ये, कास्तेलोन भागात. पुढच्या तीन-चार वर्षांत भूमध्य समुद्राभोवतीचे बहुतेक देश. २०१४ मध्ये भारतात, आणि इथली सुरुवातीची नोंद आपल्या शेजारची, पुण्याची. २०१६ मध्ये नेपाळ आणि बांगलादेश. त्याच वर्षी नायजेरियातल्या कडुना राज्याने टोमॅटोसाठी चक्क आणीबाणी जाहीर केली. जनुकीय अभ्यासातून असं दिसलं की भूमध्य परिसरात पसरलेली सगळी पिलावळ मध्य चिलीतल्या एकाच वस्तीची.

एवढा प्रवास पंखांवर होत नाही. वाऱ्याबरोबर ती काही किलोमीटर जाईल, समुद्रापार नाही. तिला फळांनी, जाळ्या-खोक्यांनी आणि रोपांनी नेलं. नाशिकबद्दल माझं म्हणणं याच्या पुढचं आहे: आपल्याकडे टुटाचा जोर हवामानाइतकाच बाजारभाव ठरवतो. ते कसं, हे चर्चेत बोलू.

निफाडचा_गडी

रानवाटताई, झकास लिहिलंय. दोन गोष्टी.

एक, थंडी. आमच्या निफाडला जानेवारीत पारा पाच-सहावर येतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते. त्यात ही मरत नाही का?

दुसरी, सापळे. मी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नराला ओढणारे) लावले होते, एक पाकोळी पडली नाही. पानं मात्र चट्ट्यांनी भरली. मग सापळ्याचा उपयोग काय?

रानवाट

दादा, थंडीत ती मरत नाही, रेंगाळते. खायला असेल तर ती सुप्तावस्थेत जात नाही, नुसती वाढ मंदावते. निफाडचा पहाटेचा पारा पाच असला तरी दुपारी पंचवीस-सव्वीस होतात, तेवढ्यावर तिचं भागतं. उन्हाळी टोमॅटोची लावण जानेवारी-फेब्रुवारीत होते, तोवर ती मागच्या प्लॉटच्या अवशेषांवर तग धरते. मग मार्चमध्ये तापमान चढलं की एकदम उसळते, आणि सगळ्यांना वाटतं नवीन आली.

सापळ्याचं: ल्यूरच्या, म्हणजे सापळ्यातल्या गंधगोळीच्या, पाकिटावर काय लिहिलं होतं ते आठवतंय का?

निफाडचा_गडी

पाकीट टाकून दिलं. दुकानदार म्हणाला टोमॅटोच्या अळीचं आहे.

रानवाट

तिथेच गोम आहे. टोमॅटोच्या अळीचं म्हणून बहुतेक ठिकाणी फळ पोखरणाऱ्या अळीचं, म्हणजे हेलिकोव्हर्पाचं ल्यूर हातात पडतं. हरभऱ्यावर घाटे अळी म्हणतो तीच ती. तिच्या मादीचा गंध वेगळा, टुटाच्या मादीचा वेगळा. त्या ल्यूरला टुटाचा नर ढुंकूनही बघणार नाही. पाकिटावर टुटा ॲब्सोल्युटा असं छापलेलं हवं. (२०२१ पासून शास्त्रज्ञ तिला थोरिमिया वंशात टाकतात, पण पाकिटावर जुनंच नाव चालतं.) सापळाही वेगळा लागतो, नरसाळ्याचा नको. चिकट तळाचा तिकोनी डेल्टा सापळा किंवा पाण्याचं घमेलं, आणि तो खाली, झाडाच्या बुडाशी. ती उंच उडत नाही.

शिवाय कामगंध सापळ्यात फक्त नर पडतात. माद्या बाहेर मोकळ्या. नराशिवायही मादी थोडीफार फलद्रूप अंडी घालू शकते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्यामुळे सापळा हा इलाज समजू नका. तो खबऱ्या आहे. नर पडायला लागले की पुढच्या आठवड्यात पानं उजेडात धरून बघायची.

गच्चीवरची_बाग

मी शेतकरी नाही, गंगापूर रोडला फ्लॅटच्या गच्चीवर कुंड्या आहेत. माझ्या कागदी लिंबाच्या कोवळ्या पानांवर गोगलगाय फिरून गेल्यावर दिसते तशी चकचकीत चंदेरी रेघ आहे, मधून एक काळसर धागा. पानं आकसून वेडीवाकडी झालीत. हीच का टुटा?

लिंबूटिंबू

आयडीला जागून मी उत्तर देतो. :)

नाही ताई, टुटा लिंबाला हात लावत नाही. तिला टोमॅटो, बटाटा, वांगं असलं कूळ लागतं. तुमच्याकडे आहे ती लिंबावरची पाने पोखरणारी अळी, फिलोक्निस्टिस सिट्रेला. हीसुद्धा पाकोळीच, पण टुटाहून लहान. पंख पांढरे, टोकाला एकेक काळा ठिपका. ही अळी पानाचा गर खात नाही, पेशी फोडून रस पिते. म्हणून रेघ चंदेरी दिसते आणि मधला काळसर धागा ही तिची विष्ठा. शेवटची अवस्था काहीच खात नाही. पानाची कड मुडपून त्या घडीत कोष करते. मुडपलेली कड नखाने उलगडा, सापडेल.

आणि हिची गोष्ट टुटाच्या अगदी उलट आहे. ही मूळची आपल्याकडची. १८५६ मध्ये स्टेनटन या इंग्रजाने तिचं वर्णन केलं ते कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून. १९९३ मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली आणि तिथल्या संत्र्या-मोसंबीच्या बागांमध्ये हाहाकार. तिथे खैऱ्या रोगाचे जंतू या रेघांतून पानात शिरतात, म्हणून दुहेरी नुकसान. म्हणजे आपण फ्लोरिडाला एक पाठवली, पेरूने आपल्याला एक पाठवली.

तुम्ही काही फवारू नका. ती फक्त कोवळी पालवी पकडते, जून पानात तिला घुसताच येत नाही. झाड मोठं झालं की सोसतं. आकसलेली पानंही लगेच खुडू नका, बऱ्याचदा आतल्या अळीवर गांधीलमाशीच्या जातीची बारीक परजीवी वाढत असते.

गच्चीवरची_बाग

उलगडली कड. आहे! पिवळसर तपकिरी, तांदळाच्या कणीएवढी. लेकीने फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला, आता मला कौतुकाचे अंगठे येतायत.

मार्केट_यार्डवाला

मी आडतीवर कामाला आहे, गाव सांगत नाही. रानवाट यांनी जाळ्यांवर खापर फोडलंय ते अर्धंच खरं आहे. जाळ्या शेतकऱ्याच्या बांधावरून येतात. त्यात पाला, सडकं फळ, सुतळीचे तुकडे शेतातूनच भरून येतात. सीझनला रोज हजारो जाळ्या हाताखालून जातात, प्रत्येक धुवायची म्हटलं तर लिलाव मध्यरात्री संपेल. आणि पुण्याहून अळी नाशिकला आली तर ती काय जाळीत बसूनच आली? नारायणगावहून रोपं येत नाहीत का?

रानवाट

रास्त आहे. रोपं येतात, आणि माझ्या मते रोप जाळीपेक्षाही घातक. जाळीतून चार कोष येतील, त्यातली एखादी पाकोळी टोमॅटोच्या झाडापर्यंत पोचेल. रोपाबरोबर ती आयतीच टोमॅटोवर बसून येते. २५ दिवसांच्या रोपाच्या खालच्या पानात एक चट्टा असतो, ट्रे उचलताना कोण बघतंय? रोपवाटिकेला बारीक छिद्रांची, ४० ते ५० मेशची जाळी आणि दुहेरी दार आहे का ते बघा. नसेल तर रोप स्वस्त पडलं तरी नको. ट्रे उतरवून घेताना खालची पानं उलटा, चट्टा दिसला तर ट्रे परत.

जाळ्यांचं म्हणाल तर सगळ्या धुवा असं नाहीच. बाजारातून परत आलेली जाळी थेट प्लॉटच्या सरीत नेऊन ठेवू नका, एवढंच. उन्हात, प्लॉटपासून लांब पडू द्या.

परदेशी_पाखरू

लंडनहून लिहितेय, माहेर पंचवटी. इथे रस्त्याकडेला हॉर्स चेस्टनटची प्रचंड झाडं आहेत. ऑगस्टमध्येच त्यांची पानं तपकिरी होऊन लोंबतात, पर्यटकांना वाटतं पानगळ लवकर आली. तेही पान पोखरणाऱ्या पतंगाचं काम, कॅमेरारिया ओहरिडेला. १९८४ मध्ये मॅसेडोनियातल्या ओहरिड सरोवराकाठी पहिल्यांदा दिसला, १९८९ मध्ये ऑस्ट्रियात, २००२ मध्ये आमच्याकडे विम्बल्डनला. युरोपभर तो मुख्यतः मोटारी-ट्रकांवर बसून फिरला असं मानतात.

त्यातली मजा अशी की, तो आला कुठून हे कुणाला कळत नव्हतं. मग जुन्या वनस्पती-संग्रहालयांत कागदावर चिकटवलेली हॉर्स चेस्टनटची पानं तपासली. १८७९ मध्ये ग्रीसमध्ये गोळा केलेल्या पानात ही अळी दाबून वाळलेली सापडली! म्हणजे शंभरेक वर्षं बाल्कनच्या डोंगरात गुपचूप राहत होता, रस्ते झाले आणि सुटला.

हा हिवाळा काढतो गळलेल्या पानांतल्या कोषात. म्हणून इथे बागांमध्ये पडलेली पानं गोळा करून नेतात. फवारणीचा फारसा उपयोग नाही. तुमच्या टोमॅटोच्या अवशेषांबद्दल वाचताना हेच आठवलं.

बांधावरचा_म्हातारा

कृषी खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त. नव्या लोकांना वाटतं परदेशी पाकोळी हे आत्ताचं संकट. टुटाची चुलत बहीण, बटाट्यावरची पाकोळी, १९०६ मध्ये इटलीतून आलेल्या बेण्याच्या बटाट्याबरोबर मुंबई इलाख्यात उतरली. तीही पान पोखरते, पण खरं नुकसान साठवणीत. खेड-मंचरकडे बटाट्याच्या अरणी, म्हणजे ढीग, लावत, वर पाला झाकत. जरा फट राहिली की ती आत शिरून डोळ्यांवर अंडी घाली. अरण उघडली की बटाट्याच्या डोळ्यांशी काळी विष्ठा.

त्या पाकोळीसाठी कोपिडोसोमा नावाची चिमुकली परजीवी गांधीलमाशी दक्षिण अमेरिकेतून आणली गेली. ती पाकोळीच्या अंड्यात एक अंडं घालते आणि त्या एकाचे पुढे डझनांनी जीव होतात. अळी मोठी होते, पण आत सगळी भाडेकरूंची गर्दी. शेवटी अळीची नुसती फुगीर ममी उरते. आम्ही त्या ममी शेतात सोडायला द्यायचो तेव्हा शेतकरी म्हणत, "साहेब, मेलेल्या अळ्या काय वाटताय?"

सांगायचं इतकंच, की टुटावरही मित्रकीटक आहेत. ट्रायकोग्रामा या बारीक परजीवी गांधीलमाशीची कार्डं मिळतात, ती टुटाची अंडी मारते. आणि नेसिडिओकोरिस नावाचा एक हिरवट, लांब पायांचा ढेकूण आपल्या टोमॅटोवर आपोआप येतो, टुटाची अंडी फस्त करतो. फार झाला तर कोवळ्या देठाला तपकिरी कडी पाडतो, तेवढी कडी दिसली की लोक त्यालाच मारतात. कार्ड लावलं की चार दिवस तरी कडक औषध बंद ठेवा. हे ऐकणारे कमी.

निफाडचा_गडी

काका, ऐकतो पण धीर धरवत नाही. एका जाळीला हजार रुपये मिळत असताना पानाला चट्टा दिसला की हात पंपाकडेच जातो.

रानवाट

आणि तोच पंप, तेच औषध. कुणी तरी सांगितलं की अमुक भारी आहे, मग रोपापासून शेवटच्या तोड्यापर्यंत तेच. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल या औषधाच्या गटाला टुटा दाद देईनाशी झाल्याचं २०१५ मध्ये इटली आणि ग्रीसमधून कळलं. ब्राझीलमध्ये त्याआधीच कितीतरी जुनी औषधं निकामी झाली होती. बाटलीचं नाव बदलून उपयोग नाही, आतला घटक कुठल्या गटातला ते बघा. एका पिढीला एक गट, पुढच्या पिढीला दुसरा. मात्रा लेबलवरचीच, दोन औषधांची खिचडी नको. आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवरच लिहिलेलं असतं, तेही वाचा. शेवटी टोमॅटो आपल्याच कोशिंबिरीत येतो.

आता भावाचं, जे सुरुवातीला अर्धवट सोडलं होतं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव किलोला दोन-तीन रुपयांवर आला आणि नाशिकच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. रस्त्यावरचा लाल चिखल दिसतो, कॅमेरा तिथे जातो. शेतात काय झालं ते बघायला कुणी गेलं नाही. तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हटल्यावर माणूस प्लॉट सोडून देतो. फवारा बंद, पाणी बंद, पण झाडं तार-बांबूवर सुतळीने बांधलेली तशीच उभी, फळांनी लगडलेली. टुटाला याहून बरं काय हवं? सहा आठवडे असा प्लॉट उभा राहिला तर ऑगस्टच्या हवेत तिच्या एक-दोन पिढ्या बिनबोभाट निघतात. मग झाडं वाळतात आणि सगळा थवा शेजारच्या नव्या लावणीवर. शेजारी म्हणतो, यंदा हवामानच खराब.

कृषी विज्ञान केंद्रात विचारा की विद्यापीठात, सल्ला छापील मिळेल: अवशेष नष्ट करा, फेरपालट करा, दोन टोमॅटोंमध्ये किमान सहा आठवड्यांची मोकळीक ठेवा, बांधावरची कामोणी आणि धोतरा उपटा, कारण टोमॅटो नसताना ती त्यावर जगते. सल्ला बरोबर आहे. फक्त ज्याचे खिशातले पैसे गेलेत त्याने पुन्हा पदरची मजुरी घालून ती झाडं का उपटावीत, हे त्यात नाही.

मार्केट_यार्डवाला

इथे मात्र तुमच्याशी सहमत. उलटही होतं बरं का. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा लोकांनी मेलेले प्लॉट न उपटता लांबवत ओढले. पानं जळालेली, झाडावर शेंड्याला चार फळं, तरी तोडा चालू. एका जाळीसाठी अख्खा रोगट प्लॉट महिनाभर उभा. भाव पडला तरी प्लॉट उभा, भाव चढला तरी उभा.

निफाडचा_गडी

+१. मीच ओढला होता, नाव कशाला घेता. :)

बरं, आमच्या शिवारात पाच-सहा जणांचे टोमॅटो लागून आहेत. आम्ही ठरवलं की यंदा शेवटचा तोडा झाला की आठवड्याच्या आत सगळ्यांनी उपटायचे, इर्जिक करून. एकाचा आज, दुसऱ्याचा उद्या. मजुरीचा प्रश्न त्याने सुटेल. पण उपटून करायचं काय? जाळायचे?

रानवाट

इर्जिक उत्तम. जाळू नका. ओली झाडं पेटत नाहीत, धुमसतात, आणि पाकोळ्या धुरातून आरामात निघून जातात. बांधावर ढीगही नको, ओढ्यात तर नकोच. उपटायच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका. उपटलेली झाडं पडलेल्या फळांसकट प्लॉटच्या एका कोपऱ्यात रचायची आणि वरून प्लास्टिक पसरून कडा मातीने घट्ट दाबायच्या. आतली उष्णता अळी, कोष, पाकोळी सगळ्यांना पुरते. दोन-तीन आठवडे उघडायचं नाही. एकही भोक नको, भोक राहिलं तर पाकोळ्या तिथूनच निघतात. मग रान नांगरून तापू द्या, मातीतले कोष वर येतात, ऊन आणि साळुंक्या बाकीचं बघतात. तारा, बांबू, जुनी सुतळी यांच्या गाठींत कोष अडकलेले असतात. सुतळी ढिगातच टाका, पुन्हा वापरू नका.

गच्चीवरची_बाग

प्लास्टिक विकत घ्यायचं तर एकरी किती लागेल?

द्राक्षबाग_दिंडोरी

बरेच दिवस नुसता वाचत होतो. एक शंका: द्राक्षाला टुटा लागते का? माझ्या बागेला लागून टोमॅटो आहे.

रानवाट

नाही. द्राक्ष तिच्या खाण्यातलं नाही. तुमच्या उडद्या आणि थ्रिप्सची काळजी घ्या, ही तुमची पाहुणी नाही. बांधावर कामोणी असेल तर मात्र शेजाऱ्यासाठी उपटा.

द्राक्षबाग_दिंडोरी

हायसं वाटलं. मग ऐका निफाडकर, माझ्याकडे बागेवर अवकाळीसाठी टाकलेलं आच्छादनाचं प्लास्टिक आहे, तीन वर्षांचं जुनं, आता वेलीवर टाकण्याच्या लायकीचं नाही. दोन गुंडाळ्या शेडमध्ये पडून आहेत. काही ठिकाणी फाटलंय, चिकटपट्टी मारावी लागेल. पैसे नकोत. ट्रॅक्टर घेऊन या, रविवार सोडून कधीही, आणि काम झालं की धुऊन परत आणा. टोमॅटोचा पाला चिकटलेला नको.

निफाडचा_गडी

दादा, मंगळवारी येतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पत्ता टाका.